मीनाक्षीकाकूंचं मौन

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटच्या मराठी घरांमध्ये मीनाक्षीकाकूंचा चातुर्मास सगळ्यांना ठाऊक होता, आणि सगळ्यांनाच त्याची थोडी धास्तीही होती. आषाढ लागला की ज्या घरी काकूंना जेवायला बोलवायचं असेल, तिथून आधी चार फोन व्हायचे. "या वर्षी काकूंनी काय सोडलंय गं?" एका वर्षी त्यांनी ताट सोडलं होतं. चार महिने केळीच्या पानावर जेवायच्या, आणि त्यासाठी व्हिएतनामी दुकानातून गोठवलेली पानं आणून, कोमट पाण्यात सोडवून, पुसून घ्यायच्या. एका वर्षी गोड सोडलं. कांदा-लसूण तर लग्न होऊन आल्यापासून दर वर्षीच बंद. श्रद्धा खरी होती, देखावा नव्हता. पण खऱ्या श्रद्धेचाही शेजाऱ्यांना त्रास व्हायचा तो होतोच.

तो त्रास काकूंना मागच्या वर्षी दिसला. नैना म्हणून त्यांच्याच कॉम्प्लेक्समधली मुलगी. तिच्या डोहाळजेवणाला काकू गेल्या, तर जिचं डोहाळजेवण तीच आठव्या महिन्याचं पोट सांभाळत गॅसपाशी उभी. कशाला, तर काकूंची बिनकांद्याची भाजी वेगळ्या कढईत परतायला. रात्री देवापाशी दिवा लावताना मनोहरकाकांना म्हणाल्या, "देवासाठी सोडायचं मी आणि पाय दुखवून घ्यायचे त्या पोरीने. हा कसला नेम?"

म्हणून या वर्षी त्यांनी असा नेम शोधला की ज्याची झळ कुणाला म्हणून लागणार नाही. कांदा-लसूण घरी नाही, पण बाहेर कुणी वाढलं तर निमूट खायचं. आणि त्याच्या बदल्यात जेवताना मौन. पहिला घास तोंडात गेल्यापासून हात धुईपर्यंत शब्द नाही. चुकून बोलणं झालंच तर तिथेच पानावरून उठायचं, मग पान भरलेलं का असेना. लिहून दाखवणं हे मागच्या दाराने बोलणंच, तेही नाही. ही सगळी कलमं त्यांच्या सासऱ्यांची. ते जन्मभर असेच जेवले होते.

"चार महिने?" मनोहरकाका म्हणाले. "म्हणजे जेवताना मी एकटाच बोलणार?"

"एरवी काय वेगळं असतं?"

नेम सुरू झाला आणि महिना-दीड महिना अगदी सुरळीत चालला. मग शैलाचा फोन आला.

शैला म्हणजे मनोहरकाकांची धाकटी बहीण. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लग्न केलं नाही, करायचं नव्हतं म्हणून. तिथेच एकटी राहायची, सुट्टीत देशोदेशी हिंडायची आणि दिवाळी-गणपतीला फ्रीमाँटला यायची. काकूंची आणि तिची वयं सारखीच. जमायचं छान, चिडवाचिडवी चालायची. काकू मुद्दाम तिला जुन्या पद्धतीने "वन्सं" म्हणायच्या आणि शैला म्हणायची, "वहिनी, एवढ्या एका शब्दाने मला नऊवारीत गेल्यासारखं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी गौरी जेवायच्या दिवशी ती आली ती थेट फ्रान्सच्या सहलीवरून. तिच्याकडे वाइनची एक बाटली होती. संध्याकाळी मैत्रिणीकडे न्यायची म्हणून तिने ती काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवली. ठेवली ती नेमकी नैवेद्याच्या खिरीला टेकून. काकूंनी बघितली, उचलली आणि गराजमध्ये नेऊन ठेवली. सप्टेंबरातलं फ्रीमाँटचं ऊन आणि पत्र्याचं दार. दुपारपर्यंत बाटली पोळत होती आणि बूच वर आलं होतं.

"वहिनी, बाटलीलाही विटाळ असतो का गं?" शैलाने विचारलं.

"खिरीशेजारी दारू ठेवताना तुला काही वाटलं नाही?"

एवढंच झालं. शैला पुरणपोळीला हात न लावता निघून गेली. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. झाला तो अबोला. ही म्हणे तिने फोन करावा, ती म्हणे हिने. मनोहरकाका दोघींमधले पोस्टमन झाले. "तिला सांगा, कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्यात." "वहिनीला सांग, वड्या मिळाल्या." अशी दोन वर्षं गेली.

आणि आता शैलाचा फोन. "दादा, मी रिटायर होतेय. पार्टी-बिर्टी नको आहे मला. रविवारी दुपारी तू आणि वहिनी जेवायला या. मी ज्या फ्रेंच ब्रासरीत नेहमी जाते ना, तिथे. वहिनीला म्हणावं, तिचं सगळं मी बघितलंय."

काकांनी फोन ठेवायच्या आत काकू म्हणाल्या, "येतो म्हणून सांगा."

रविवारी देवपूजा आटपून, चहाशिवाय काहीही न घेता दोघं निघाली. बे ब्रिजवर गाड्यांची रांग लागली तेव्हा काकू मनातल्या मनात घोकत होत्या. पहिला घास घ्यायच्या आधी सगळं बोलून घ्यायचं. आधी बाटलीचं. मग नेमाचं. शैलाला सांगायचं की बाई, मी जेवायला बसले की मुकी, तेव्हा आपण आधी पोटभर बोलू, मग पोटभर जेवू.

"कशी गं ही फ्रेंच माणसं दुपारीच एवढं जेवतात?" काका मध्येच म्हणाले. त्यांचा फोन घरी चार्जरला लावलेला राहिला होता, म्हणून रस्ता काकूंच्या फोनवर बघणं चाललं होतं.

फ्रीमाँटला ऊन होतं, पण शहरात शिरल्यावर ऑगस्टातलं नेहमीचं धुकं आणि बोचरा वारा. उंच काचेच्या इमारतींच्या पायाशी लाल छपरीचं ते हॉटेल होतं. पार्किंगचा पत्ता नाही. मागून हॉर्न सुरू झाले तसे काका म्हणाले, "तू उतर. तिला वाट बघायला लावू नकोस. मी गाडी लावून आलोच." काकू उतरल्या. फोन गाडीतच राहिला.

आत पाऊल टाकलं आणि काकूंना एकदम बरं वाटलं. भिंतीभर जुने आरसे, लाल चामड्याच्या बसायच्या जागा, टेबलावर पांढऱ्या कापडावर आणखी पांढरा कागद. खांबाखांबाला पितळी दांड्या, आणि पितळ इतकं लख्ख की ही माणसं एवढी चिंच आणतात कुठून असं काकूंना वाटून गेलं. वाढपी मंडळी कमरेपासून घोट्यापर्यंत पांढरं शुभ्र कापड गुंडाळून लगबगीने फिरत होती. त्यांना बघून सोवळ्यातल्या आचाऱ्यांचीच आठवण व्हावी. बाहेरचं शहर आजचं, आतलं कुठल्यातरी निवांत काळातलं.

कोपऱ्यातून शैला उठली. केस पूर्ण पांढरे होऊ दिले होते तिने. मिठी मारावी की नमस्कार करावा हे दोघींनाही कळेना, म्हणून दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि लगेच सोडले.

"बस. दादा?"

"गाडी लावतायत."

"मग अर्धा तास गेला. बस ना. आणि वहिनी, ऐक, मला आधी हे सांगू दे." शैला घाईने बोलत होती, घाबरल्यासारखी. "तुझा चातुर्मास आहे, मला माहितीये. मी इथल्या शेफशी स्वतः बोलले. मांस नाही, अंडं नाही, कांदा नाही, लसूण नाही. तो म्हणाला, मादाम, मग उरलं काय? म्हटलं, बटाटा. साय आणि चीज घालून भाजलेला बटाटा करतात हे लोक, पण त्या भांड्याला आधी लसूण चोळतात. म्हटलं, चोळायचा नाही. नवीन भांडं घ्या. त्याच्या मागे लागून लागून कबूल करून घेतलंय."

ज्या कांद्यापायी कुणाला त्रास नको म्हणून नेम बदलला, त्याच कांद्यापायी शैला एका फ्रेंच माणसाशी भांडली होती. त्या म्हणाल्या, "शैला, आधी माझं एक..."

तेवढ्यात वाढपी आला. उंच, मिशाळ, गोड हसणारा. त्याच्या हातातल्या ताटलीत छोटे लाल मुळे होते, अर्धे चिरलेले, प्रत्येकावर लोण्याचा गोळा आणि मिठाचे दोन दाणे. हॉटेलकडून पाहुण्यांना, असं काहीतरी म्हणत तो वाकला आणि ताटली त्याने काकूंपुढे धरली.

आता आयुष्यभर देवळाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईपुढे कुणी न मागता लोणी धरलं तर ती काय करेल? काकूंचा उजवा हात पुढे झाला, डावा त्याच्याखाली गेला. मुळा तळहातावर आला, कपाळाला लागला आणि तोंडात गेला. डोकं या कामात कुठे नव्हतंच.

मुळा दातांखाली कुरकुरला आणि काकूंना समजलं, की पहिला घास झाला.

"काय म्हणत होतीस?" शैलाने विचारलं.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

आता पेच असा. बोलावं, तर पानावरून उठायला लागणार. शैलाने मागे लागून लागून करवून घेतलेल्या जेवणाला हातही लावता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी ती उपाशी निघून गेली होती, आज तिच्यासमोर आपण उपाशी बसायचं, हे कसं दिसेल? आणि बोलू नये, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ शैला एकच लावणार. काकूंनी दाराकडे बघितलं. काका आले की एका वाक्यात सांगतील. तेवढा वेळ काढायचा.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग वर बोट दाखवलं, मग हात जोडले.

"दात दुखतोय?" शैला म्हणाली.

काकूंनी जोरात मान हलवली आणि पुन्हा वर बोट दाखवलं.

शैलाने छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता. "वारं लागतंय? जागा बदलायची?" मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "की माझ्याशी बोलायला वरून परवानगी यायची आहे?"

काकूंनी तिचा हात धरायला हात पुढे केला, पण शैलाने आपला हात मांडीवर घेतला होता. तिने भावाला फोन लावला. फ्रीमाँटच्या घरात ओट्यावर तो वाजत राहिला असेल.

"दादाही उचलत नाही. ठरवून आलात की काय दोघं?" ती जराशी हसली, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. वाढपी पावाची टोपली ठेवून, सगळं ठीक ना, असं विचारून गेला. काकूंनी त्याला मान डोलावून हसून दाखवलं. "त्याच्याकडे बघून हसतेस," शैला म्हणाली. "बरं आहे."

मग ती बोलायलाच लागली. समोरचं माणूस मध्ये बोलत नाही म्हटल्यावर माणसाचं आतलं बाहेर येतं, तसं झालं. "मी त्या दिवशी निघून गेले ना, तर पुलावरूनच परत फिरणार होते. भूक लागली होती मला. वर्षभर तुझ्या पुरणपोळीची वाट बघते मी. पण वाटलं, परत गेले तर वहिनी म्हणेल, आली पोटासाठी." तिने पाव मोडला आणि तसाच ठेवला. "आणि ती वाइन काही मोठी नव्हती. विमानतळावरच्या दुकानातून घेतली होती. मैत्रिणीला काय कळतंय म्हणून. तुला मात्र मी सांगितलं, गावात जाऊन शोधून आणली."

काकूंना हसू आलं. ते त्यांनी गिळलं. दोन वर्षं त्या स्वतःशी म्हणत होत्या की शैलाला तोरा आहे. तोरा कुठला, ही तर पुलावर गाडीत भुकेली बसलेली होती. आपण मध्ये बोलत असतो तर हे ऐकायला मिळालं असतं का, असंही त्यांच्या मनात आलं.

बटाटे आले. खोलगट पांढऱ्या भांड्यात, वरून तांबूस खरपूस, कडेने साय फदफदत होती. वाढप्याने ते काकूंपुढे अशा काही अदबीने ठेवलं, जणू शेफसाठीही ते मानाचं काम असावं. काकूंनी काट्याने एक घास घेतला. पातळ चकत्या, दूध आटलेलं, जायफळाचा वास. बासुंदीने बटाट्याशी सोयरीक केली तर असंच काही होईल. त्यांनी डोळे मिटले. दुसरा घास घेतला. पोटात सकाळपासून काही नव्हतं. पोटभर खाऊन शैलाला दाखवायचं, तिला कळेलच, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे उघडले.

शैला रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी. तिने रुमालाने चष्मा पुसला आणि पर्स उघडली.

"मला वाटलं होतं, आलीस म्हणजे मिटलं," ती म्हणाली. "कामावरून घरी बसणार मी उद्यापासून, वहिनी. घरात दुसरं कुणी नाही. म्हटलं, आता फ्रीमाँटला येत जाईन, तुझ्याबरोबर भाजी निवडत बसेन. पण तुला अबोलाच धरायचा असेल तर राहू दे. जेव तू निवांत. मी बिल देते आणि जाते."

काकूंनी काटा खाली ठेवला. एकदा दाराकडे बघितलं, काकांचा पत्ता नव्हता. एकदा बटाट्यांकडे बघितलं. मग भांडं दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"अबोला नाही गं, वन्सं. मौन आहे."

शैला पर्समध्ये हात घालून तशीच थांबली.

"या वर्षी बाहेरचा कांदा-लसूण नाही सोडला. जेवताना बोलणं सोडलं. कुणाला त्रास नको म्हणून," काकू म्हणाल्या. "तुला आधी सांगणारच होते, तर त्या मेल्याने हातावर लोणी ठेवलं."

"मौन," शैला म्हणाली. "बाबांचं?"

"बाबांचंच."

शैलाने भांड्याकडे पाहिलं. कडेचे दोन घास तेवढे गेले होते, बाकी सगळं तसंच वाफाळत होतं. "म्हणजे आता तू हे..."

"उठले मी त्यावरून."

"अगं पण मी ते नवीन भांडं..."

"माहितीये. फार छान झालंय. दोनच घास मिळाले, पण फार छान झालंय."

शैलाचा चेहरा रडावं की हसावं अशा काठावर आला आणि हसण्याकडे कलंडला. "आम्ही लहानपणी बाबांना मुद्दाम बोलायला लावायचो. मी आणि दादा. ते जेवायला बसले की म्हणायचो, बाबा, तुमच्या धोतरावर मुंगळा. एकदा ते ओरडले, कुठे? आणि उठायला लागलं त्यांना. आईने आम्हाला दिवसभर झोडपलं." ती डोळे पुसत होती. "आणि आज तुला उठवलं ते पण मीच."

"तेव्हा मुंगळा होता, आज बाटली."

एवढ्यावर दोघी अशा हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं आणि त्याही उगाचच हसल्या.

मग काकूंना तोंड फुटलं. त्यांनी बाटलीचं बोलून घेतलं, गराजमधल्या उन्हाचं बोलून घेतलं, दर गुरुवारी फोन हातात घेऊन ठेवून दिला तेही सांगितलं. उपाशी होत्या, पण आवाज असा खणखणीत लागला होता की जेवून उठल्यासारखा. दोघींची बोलणी एकमेकींत घुसत होती, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मध्येच वाढपी आला आणि न खाल्लेलं भांडं बघून त्याचा चेहरा पडला. काही चुकलं का, त्याने हळूच विचारलं.

शैलाने त्याला इंग्रजीत समजावलं, की माझ्या वहिनीला एकावेळी एकच करता येतं, जेवणं किंवा बोलणं, देवाशी तसा करार आहे, आणि आज तिने बोलणं निवडलंय. वाढप्याने क्षणभर विचार केला. असा करार आमच्या घरी माझ्या सासूबाई करतील का, असं तो म्हणाला, आणि काकूंसाठी त्याने न सांगता गरम पाणी आणून ठेवलं. पाणी पिण्याने नेम मोडत नाही, तेव्हा काकूंनी ते घोट घोट प्यायलं.

मनोहरकाका आले ते धापा टाकत. "वर टेकडीवर मिळाली जागा. तिथून चालत आलो. मीनाक्षी, तू हिला सांगितलंस ना, की तुझं मौ..." त्यांनी बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, भरल्या भांड्याकडे बघितलं. दोघींचे डोळे लाल होते. "हे काय? पुन्हा भांडलात?"

"दादा, तू बस आणि हे खा," शैला म्हणाली. "नवीन भांड्यातलं आहे. वाया घालवायचं नाही."

"पण हे मीनाक्षीचं उष्टं आहे."

"इतकी वर्षं तुमच्या ताटातलं उरलेलं मी संपवलं," काकू म्हणाल्या. "एकदा तुम्ही माझं संपवा. बघा कसं लागतं."

काकांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग मान वर केलीच नाही. दोघींनी त्यांना पूर्ण विसरून गप्पा मारल्या. गौरींचं यंदा काय करायचं, शैलाने फराळाचं कधी शिकायचं, गुडघ्याला काकूंनी कुठला व्यायाम करायचा. शैलाने तिथेच खुर्चीतल्या खुर्चीत काकूंना पाय सरळ करून दाखवायला लावला. काकांचं भांडं रिकामं झालं, वर त्यांनी लिंबाचं टार्टही खाल्लं, आणि अंडं असेल त्यात, असं काकूंनी म्हणायच्या आत संपवलं.

शैला त्यांच्याबरोबरच गाडीत बसली. फ्रीमाँटला पोचल्यावर काकूंनी साडी न बदलता मुगाची खिचडी टाकली, पापड भाजले, ताकाला जिरं लावलं. दोघांना वाढलं, स्वतःचं पान घेतलं, त्यावर तूप वाढून घेतलं. पोटात भुकेने खड्डा पडला होता. हात जोडले आणि पहिला घास उचलून त्या थांबल्या.

"शैला, काही विचारायचं राहिलंय? आत्ताच विचार. मग हात धुईपर्यंत मी नाही."

"मला काही विचारायचं नाही," शैला म्हणाली. तिने खिचडीत पापड चुरला. "सांगायचं मात्र पुष्कळ आहे. तू जेव."

काकूंनी घास घेतला. शैला हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसाचं सांगू लागली, आणि काकू जेवता जेवता ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी डाव्या हाताने तिच्या पानात तूप वाढलं.